भैय्याजीची मौत

मधुकरच्या फार्समध्ये भैय्याजी म्हणून कोणी नव्हतंच, आणि सगळी गंमत तीच होती. गोकुळ नावाचा कारकून सुट्टीसाठी साहेबाला थाप मारतो, की आमचे भैय्याजीकाका वारले. मग अख्खं ऑफिस समाचाराला घरी येतं, आणि कधी जन्मलाच नाही अशा चुलतसासऱ्यासाठी बिचाऱ्या बायकोला गळा काढावा लागतो.

बायकोचं काम उर्मिला करायची. पांढुर्ण्यात ती मुलींना गणित शिकवायची. स्टेजवर हुंदकेसुद्धा मोजूनमापून द्यायची. गोकुळ झालेला सुरेश पोस्टात होता. त्र्याऐंशी सालच्या गणपतीत पांढुर्ण्याचे लोक पोट धरधरून हसले, म्हणून सौंसरच्या मंडळानं बोलावलं. तिथं जमलं असतं तर छिंदवाड्याच्या स्पर्धेचा रस्ता मोकळा होता.

संध्याकाळी लाईट जायची, म्हणून प्रयोग दुपारी ठेवला. कापसाच्या जिनिंगच्या आवारात मंडप. पुढे सतरंजीवर बायका, मागे रिकाम्या बैलबंड्यांवर चढून बसलेले पुरुष. स्टेजवर टेबल, टेबलावर हार घातलेली फ्रेम. फ्रेममध्ये फोटो नव्हता, नुसता पुठ्ठा. लांबून कोणाला दिसतं?

सुरेशनं थाप मारली. पांढुर्ण्यात इथं पहिला हशा आला होता.

सौंसरला कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत कोणीतरी फक्त ‘च्च्’ केलं.

सुरेशनं आवाज चढवला. साहेब झालेला हेमंत खुर्चीवरून ठरल्याप्रमाणे धाडकन पडला. तरी सगळं चिडीचूप. बंड्यांवरचे पुरुष एकेक करून खाली उतरले आणि हात बांधून उभे राहिले.

विंगेत मधुकर घामाघूम झाला होता. “लोक हसून काऊन नाही राहिले? उर्मिलाताई, तुम्ही रडणं वाढवा. त्याले तं हसतीलच.”

उर्मिला फ्रेमसमोर बसली आणि तिनं मोठ्यानं गळा काढला. समोर एका बाईनं पदर तोंडाला लावला. मग दुसरीनं.

एक म्हातारी उठली. चपला खाली काढून ती पायऱ्या चढून स्टेजवर आली, उर्मिलाजवळ टेकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्यामागून आणखी बायका येऊ लागल्या. बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

उर्मिलाला बाईची कीव आली. भोळी आहे, तिला वाटलं. ती हळूच म्हणाली, “मावशी, नाटक आहे हे.”

“माहीत हाये नं बाई,” म्हातारी म्हणाली. “पन भैय्याजीच्या मौतीले येनं नाही झालं माह्यानं.”

तिनं फ्रेमला हात जोडले.

“फोटू जुना लावला तुम्ही. आता तं केस पार पिकले होते त्याहिचे.”

उर्मिलानं वळून पाहिलं. पुठ्ठाच होता.

मधुकरनं पडदा ओढला.

परतीची बस सुटली. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, फळ अजून हिरवं. मधुकर शेवटी चिडूनच बोलला, “अरे, मी बनवला तो माणूस! याच बसमध्ये बसल्या बसल्या. नावही मीच ठेवलं.”

“हो ना,” उर्मिला म्हणाली. “एकीनं सुरुवात केली, बाकीच्या तिच्यामागे आल्या. एवढंच.” हे बोलून दाखवल्यावर तिला बरं वाटलं.

सुरेश खिडकीबाहेर बघत होता.

“संत्रं सोलून द्यावं लागे त्यांना,” तो म्हणाला.

“कोणाला?” मधुकरनं विचारलं.

“भैय्याजींना. हात थरथरत ना त्यांचे.”

सुरेशला चांगलं झापायचं म्हणून उर्मिला मागे वळली.

“बियासुद्धा काढाव्या लागत,” ती म्हणाली.