कॅसेटमधले अकरा सेकंद

ज्याला हे खोटं वाटेल त्याने पूर्णेला यावं आणि माझ्या मामाचा उजवा हात बघावा. तीन बोटं वाकत नाहीत. डॉक्टरांच्या कागदावर ‘जड वस्तूचा मार’ असं लिहिलंय.

मारणारा मात्र कुणालाच दिसला नाही. हॉलमध्ये ऐंशी माणसं होती.

गेल्या वर्षीची चौदा मे. दुपारचे चार. पूर्णा स्टेशनमागचा जुना हॉल.

मामाचं नाव सिद्धोधन. तरुणपणी तो नागनाथ मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. मास्तर स्वतः ड्रमवर. लग्नाचा बँड म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल, पण हा बँड वेगळा होता. रेल्वेच्या कुण्या गोऱ्या इंजिन ड्रायव्हरने गाव सोडताना टाकलेल्या तबकड्या मास्तरांच्या हाती लागल्या होत्या. त्यात एक अमेरिकन ड्रमर होता, बँडचा म्होरक्याही तोच. हार्ड बॉप म्हणतात त्या जॅझला. मास्तरांनी तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या आणि तो ठोका वरातीत आणला. पालमपासून गंगाखेडपर्यंत नवरदेव घोड्यावर ताटकळायचा, पण वऱ्हाड ड्रमपुढून हलायचं नाही.

मास्तरांचा हात ड्रमवर पडायचा तसा माणसांवरही पडायचा.

मास्तरांची काठी शिसवाची, इतरांच्या दुप्पट जाड. सूर चुकला की एकच तडाखा. कुणाची भुवई फुटली, कुणाचं कोपर. रक्त पुसेपर्यंत मास्तर थांबायचे आणि म्हणायचे, "पुन्यांदा घे."

टक, टक, टक, टक... आणि परत सुरू.

१९९३ साली त्यांनी याच हॉलमध्ये तीन कॅसेटी भरल्या. तिसरीच्या वेळी ट्रम्पेटवर मामाचा धाकटा भाऊ होता, धम्मानंद. एकोणीस वर्षांचा. चार ठोक्यांनंतर तो किंचित उशिरा शिरला.

मास्तर उठलेही नाहीत. बसल्या जागेवरून काठी हाणली, तोंडाला लावलेल्या ट्रम्पेटवर.

समोरचे चार दात घशात गेले.

टेप चालूच होता. काठीचा आवाज, किंकाळी, मग घशात रक्त भरल्याचा आवाज. सगळं कॅसेटमध्ये आलं. अकरा सेकंद.

आणि त्या अकरा सेकंदांत मामाची क्लॅरोनेट एकदाही थांबली नाही.

भीतीने तो वाजवत राहिला. सख्खा भाऊ पायाशी तडफडत होता, तरी वाजवत राहिला.

धम्मा पुन्हा ट्रम्पेट वाजवू शकला नाही. दोन महिन्यांनी तो रुळांवर सापडला. कॅसेट मात्र तडाखेबंद खपली. लोकांना ती किंकाळी म्हणजे वाजवणाऱ्याचा जोश वाटला.

मास्तर म्हातारे होऊन सुखाने खाटेवर गेले. पाचव्या स्मृतिदिनाला त्यांचा मुलगा योगीराज याने मास्तरांच्या रेकॉर्डिंगचा मोठा सोहळा ठरवला. कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवायचं काम मामाकडे आलं. मामाची मुलगी राजेश्री रेकॉर्डिंगच्या साथीने ट्रम्पेट वाजवणार होती. काकाच्या जागी. आठ दिवसांनी तिची पोलीस बँडची भरती होती. ट्रम्पेट वाजवणारीचं सगळं भांडवल म्हणजे ओठ आणि समोरचे दात.

मामाने ते अकरा सेकंद कापून टाकले.

मास्तरांची अब्रू राखायला, असं तो म्हणाला. माझा मामा असला तरी सांगतो, त्याला स्वतःची राखायची होती.

कापलेलं गाणं त्याने पुन्हा उघडून बघितलं... लांबी होती तेवढीच.

परत कापलं. परत तेवढीच.

तिसऱ्यांदा कापताना पाठीमागून आवाज आला. टक, टक, टक, टक...

पाठीमागे भिंत होती.

या वेळी मात्र अकरा सेकंद गेले ते गेले. मामाला वाटलं, सुटलो.

चौदा तारखेला हॉल भरला. मास्तरांच्या फोटोला हार, फोटोपुढे ती शिसवाची काठी. पहिल्या दोन कॅसेटींना म्हातारे वऱ्हाडी माना डोलवत होते. कुणी डोळे पुसत होतं. मग तिसरी लागली. राजेश्री पुढे आली, मामा क्लॅरोनेट घेऊन तिच्या शेजारी.

दुसऱ्या मिनिटाला ड्रम बंद झाला.

स्पीकरमध्ये बाकी सगळे वाजत होते. फक्त ड्रम नव्हता...

"काका, आबाचा ड्रम कुठं गेला?" योगीराजने मामाला विचारलं.

मामाने फोटोकडे बघितलं. हार होता. काठी नव्हती.

मग ड्रम आला. पण स्पीकरमधून नाही...

टक... फोटोची काच फुटली.

टक... माईकचा दांडा मधोमध वाकला.

टक... योगीराज गाल धरून खाली बसला. बोटांमधून रक्त वाहायला लागलं.

राजेश्री आपण शिरायच्या जागेची वाट बघत डोळे मिटून उभी होती. तिला वाटलं, मोजणी चाललीय. बँडवाल्याची सवयच ती. जग बुडालं तरी तीन ठोके ऐकले की वाद्य तोंडाला जातं. तिने ट्रम्पेट ओठांना लावला.

मामाची बोटंही क्लॅरोनेटवर बसली होती. तेव्हासारखीच.

पण या वेळी तो थांबला.

क्लॅरोनेट फेकून त्याने ट्रम्पेट हिसकावला आणि उजवा पंजा लेकीच्या तोंडापुढे धरला.

चौथा ठोका पडला. हाडं मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मग पाचवा. सहावा. हवेतून फटके येत होते आणि पंजाचा चेंदा होत होता. मामा ओरडत होता, पण हात काढत नव्हता. लोक दाराकडे पळत होते. योगीराज खालून किंचाळत होता, "आबा, बास करा."

किती वेळ चाललं? योगीराजच्या मोबाईलवर शूटिंग चालू होतं. आम्ही मोजलं.

अकरा सेकंद.

काठी फरशीवर पडली आणि घरंगळत फोटोखाली गेली. राजेश्रीच्या ओठाला ओरखडासुद्धा नव्हता. तिच्या तोंडावर होतं ते सगळं रक्त बापाचं.

दवाखान्यात मी मामाला म्हणालो, "मास्तर मेल्यावरबी सुधरले न्हाईत."

तो प्लास्टरमधल्या हाताकडे बघत म्हणाला, "काठी मास्तरची व्हती लेका. पन मास्तर कवाबी एकदाच हानायचे."

तेव्हा मला धम्माचे अकरा सेकंद आठवले.

राजेश्री भरती झाली. त्यानंतर एका दुपारी मी जुन्या टेपवर मूळ कॅसेट लावली. तीस वर्षं ऐकलेली, तीच. काठीचा आवाज आला. किंकाळी आली.

आणि क्लॅरोनेट... थांबली.

अकरा सेकंद काहीच नाही. मग धम्माचा ट्रम्पेट सुरू झाला. एकटाच. एकही सूर न चुकता त्याने गाणं शेवटपर्यंत नेलं.

मी मामाला ते ऐकवलं तेव्हा तो ढसाढसा रडला. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं.

पण कॅसेट संपत आली तेव्हा परत टक, टक, टक, टक... मी घाईघाईने बटण दाबलं.

राजेश्री सुट्टीत घरी आली की रोज रियाज करते. मामा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. ती ट्रम्पेट खाली ठेवेपर्यंत तो मोडलेला हात तिच्या तोंडासमोर धरून ठेवतो.