पुढचा माणूस

रविवारी सकाळी ओव्हिला तेरियोने वळचणीला बर्फावर चालायचे दोन जोड टांगले: स्वतःचे कातडी विणीचे स्नोशू आणि मुलीचे, नव्याने वार्निश केलेले. सोलांज दोन दिवसांसाठी मॉन्ट्रियलहून आली होती. तिने ते पाहिले, कॉफी प्यायली आणि परतीच्या बसची वेळ विचारली. म्हाताऱ्याने वाटाण्याच्या सुपाचा डबा तिच्या पिशवीत घातला.

मंगळवारी तो घळीच्या तळाशी मेलेला सापडला. पाय मोडलेला, मुठीत शिट्टी.

पोलिसांनी वयाकडे बोट दाखवलं. बहात्तर वर्षांचा वाटाड्या सोमवारी एकटाच निघाला आणि वाट चुकला. वर वीतभर बर्फ पडलं होतं. माग उरला नव्हता.

"या जंगलात चाळीस वर्षं त्यांनी लोकांना फिरवलं," सोलांज म्हणाली. "चुकले असतील तर तसं सांगा. पण बघून सांगा."

हे ती ब्लांदिन आर्सनोला सांगत होती. ब्लांदिन रिमूस्कीत खासगी तपास करायची. तिचा दीर अल्सीद गाडी चालवायचा आणि घाईने निष्कर्ष काढायचा.

ब्लांदिनने म्हाताऱ्याच्या सवयी विचारल्या. सोलांजने सांगितलं, बाबा कुणालाच पुढे जाऊ देत नसत, आईलाही नाही. फक्त सोलांज सोळा वर्षांची असताना, तिला वाट शिकवायची म्हणून, त्यांनी तिला पुढे घातलं होतं आणि स्वतः तिच्या पावलावर पाऊल ठेवत मागून आले होते.

डोंगरापलीकडे लेओपोल सापळे लावायचा. ओव्हिलाशी त्याचं वीस वर्षांचं वाकडं.

"तंगडं तोडीन म्हणालो होतो, नाही कुठे म्हणतो? पण सोमवारी त्यानेच मला पिडलं. अंधार पडेपर्यंत शिट्ट्या. तीन-तीन. पाहुणे हाकत असेल म्हटलं. जनावरं पळाली सगळी."

हाच तो, असं अल्सीद गाडीत म्हणाला. ब्लांदिनने गाडी लॉजकडे घ्यायला सांगितली.

जेरोम हा लॉजवर ओव्हिलाच्या हाताखाली शिकणारा उमेदवार वाटाड्या. सोमवारी पाहुणे नव्हते, आपण दुपारभर अंगणात लाकडं फोडत होतो, असं त्याने सांगितलं. वारा नव्हता. काही ऐकलं का?

"नाही, मॅडम. कुऱ्हाड थांबली की नुसती शांतता."

"आता?" अल्सीदने विचारलं.

"वाऱ्याची वाट बघायची."

"म्हणजे उरलंसुरलंही पुसलं जाणार."

गुरुवारी वारा सुटला. शुक्रवारी सकाळी ब्लांदिनने सगळ्यांना घळीच्या फाट्यावर नेलं. शोधपथक खालच्या ओढ्यातून गेलं होतं. इथे कुणी आलं नव्हतं. भुसभुशीत बर्फ उडून गेलं होतं. पायाखाली चेपलेलं मात्र घट्ट होऊन राहिलं होतं. एकेक ठसा विटेसारखा वर उभा होता.

"दोघं आले," ब्लांदिन म्हणाली. "पुढचे दातेरी ठसे लॉजच्या स्नोशूंचे. ते कुणीही घालतं. पण विणीचे ठसे त्यांच्यावर पडलेत. ओव्हिला मागे होते."

"पाठलाग करत?" अल्सीद म्हणाला.

"संथ, सारख्या अंतराची पावलं आहेत. लेओपोलला त्यांनी पुढे घातलं नसतं. पाहुणे नव्हतेच. ते एकाच माणसाच्या मागे चालायचे, ज्याच्या हाती वाट सोपवायची त्याच्या. सोमवारी जेरोमची परीक्षा होती. फाट्यावर तो डावीकडे वळला, काठावर लोंबणाऱ्या बर्फावर. इथून विणीचे ठसे लांब पडलेत. ओव्हिला धावले, त्याला मागे ओढलं आणि स्वतः खाली गेले. दातेरी ठसे एकटेच परतलेत."

ती जेरोमकडे वळली.

"मदतीच्या त्या तीन-तीन शिट्ट्या लेओपोलने डोंगरापलीकडून ऐकल्या. तुझं अंगण इथून पाच मिनिटांवर. आणि तुला शांतता ऐकू आली."

जेरोम बर्फात बसला. हे कळलं असतं तर वाटाड्याचा परवाना कधीच मिळाला नसता, असं काहीतरी तो पुटपुटला. मग म्हणाला, "वाटलं, थांबतील आता. थांबतच नव्हत्या."

अल्सीदने त्याला दंडाला धरून खाली नेलं. ब्लांदिन निघताना सोलांजपाशी थांबली.

"तुमचे बाबा वाट चुकले नव्हते."

सोलांजने मान हलवली. तिच्या पायात तेच नव्या वार्निशचे स्नोशू होते. उजवीकडची वाट झाडांत शिरत होती. तिच्यावर एकही ठसा नव्हता. ती त्या वाटेच्या तोंडाशी उभी राहिली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी पुढे चालते. तुम्ही मागून या."