कोरड्या बुटांसाठी एक बूच

"फोडा," साहेब म्हणाले, आणि मामाने गुडघे सोलून बसवलेल्या फरशीवर घणवाला घण घेऊन उभा राहिला.

सुट्टीत शाळेच्या नव्या वाचनालयाचं काम चाललं होतं. ठिणगी आणि तिचा धाकटा भाऊ गोगलगाय मामाचा डबा घेऊन नेमके तेव्हाच पोचले. ठिणगीला ते नाव उगाच पडलं नव्हतं.

"का फोडायची?"

"उतार आहे." साहेबांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी दाखवली. तिचं एक टोक या भिंतीशी, दुसरं त्या भिंतीशी. फरशीपासून मोजलं, तर इकडचं पाणी बोटभर वर. "पाणी समपातळीत राहतं, हा निसर्गाचा नियम. निसर्ग खोटं बोलत नाही. तुझा मामा बोलतो."

मामाने तोंड उघडलं.

"तू गप्प. उद्यापासून कामावर यायचं नाही."

ठिणगीची कानशिलं तापली.

गोगलगायीने खिशातली गोटी फरशीवर ठेवली. ढिम्म. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. तिथेही ढिम्म.

"ताई, गोटीला उतार सापडत नाहीये."

"पोरांनो, बाहेर व्हा," साहेब म्हणाले.

ठिणगी निघाली, पण नळीच्या कडेकडेने, मुद्दाम रेंगाळत. साहेबांच्या खुर्चीजवळच्या टोकात घट्ट बूच बसवलेलं होतं.

"हे कुणी लावलं?"

"मी. सकाळी पाणी सांडून बूट भिजले. नवे आहेत."

ठिणगीने बूच उपटलं. फस्स! दोन्हीकडचं पाणी खालीवर झालं, डुललं, थांबलं. गोगलगायीने मामाची मोजपट्टी इकडे लावली, तिकडे लावली.

"सारखं आहे. केसाचाही फरक नाही."

"पाणी नियम पाळतं," ठिणगी कडाडली, "पण दोन्ही टोकं हवेला उघडी असली तर! तुम्ही एका टोकाची हवा कोंडलीत आणि मामाला खोटं पाडलंत. बुटांसाठी."

घणवाल्याने घण हळूच भिंतीला टेकवला.

"हं. पोरगी हुशार आहे," साहेब म्हणाले.

"माझं राहू द्या. मामाला सांगा."

"उद्या कामावर ये रे."

"ते झालंच. खोटारडा म्हणालात, त्याचं काय?"

साहेबांनी बुटांकडे पाहिलं. बूट कोरडे ठणठणीत होते, घसा त्याहून.

"माफ करा," ते पुटपुटले.

नळीच्या पलीकडच्या टोकाशी गोगलगाय पट्टी धरून उभा होता.

"इकडे पोचलं नाही, साहेब."

साहेबांनी पुन्हा म्हटलं. मोठ्याने.

"आता दोन्हीकडे सारखं," मामा म्हणाला. "शाब्बास गं पोरी. आण तो डबा."