गाठी माझ्याकडे होत्या

हे कुणाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पन्नास वर्षांत एकानंही विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यातले निम्मे तर तेव्हा ह्याच खोलीत हजर होते! तरी ऐका. हात चालू ठेवा, टाके बारीक घाला, आणि चौकटीच्या त्या टोकाला बसलेल्या बाईंकडे अजिबात बघू नका. त्यांना गोष्ट तोंडपाठ आहे. आपल्याला काही ऐकूच येत नाही असं दाखवायची त्यांची खोडही जुनीच आहे.

तर ह्याच तिसऱ्या मजल्यावर, ह्याच खिडकीपाशी, तेव्हा एक मावशी गोधड्या शिवायला शिकवायची. नुसता हात फिरवून सांगायची... हा टाका रागात घातलाय, हा उपाशीपोटी. एकदा तर गोधडीवर बोट टेकवून तिनं शिवणारणीची सर्दी ओळखली होती. पुढे तिचे डोळे अधू झाले, तेव्हा तिनं भाचीला मदतीला बोलावून घेतलं.

भाचीला शिवणाचा मनापासून तिटकारा. सुई म्हणजे बोटाला भोक पाडायचं यंत्र, हे तिचं ठाम मत. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरणार, चहा उकळता असतानाच पिऊन जीभ पोळून घेणार. मावशी तिला घाईबाईच म्हणायची. दूरच्या शहरात टेलिफोनच्या कचेरीत तिला नोकरी लागली होती. महिनाअखेरीस हजर व्हा, असं पत्र पर्समध्ये घेऊनच ती आली होती. मावशीशी बोली एवढीच, की बेकरीवाल्याची गोधडी पुरी करून द्यायची आणि मग खुशाल जायचं.

आता बेकरीवाल्याची गोधडी म्हणजे काही साधं काम नव्हतं. त्याला सात पोरं. सातही एकाच पलंगावर आडवी झोपायची, आणि पांघरूण ओढण्यावरून रोज लढाई. म्हणून सातांना मिळून एकच गोधडी. इतकी मोठी, की ती ताणून बसवायची चौकट खोलीत मावेना. एक टोक खिडकीतून बाहेर काढलं, तर त्यावर कबुतरांनी घरटं बांधलं. हसू नका. अंडीसुद्धा घातली.

पहिल्याच दिवशी घाईबाईच्या हातून दोऱ्याचं रीळ सुटलं. गडगडत दाराबाहेर गेलं, जिन्यावरून टणाटण उड्या मारत खाली पोचलं. टोक तेवढं हिच्या चिमटीत राहिलं. ही चरफडत दारात उभी, आणि... दोरा हलला. खालून कुणीतरी ओढत होतं. हलकेच, थांबून थांबून.

मग पावसानं भिजलेलं एक डोकं जिन्याच्या वळणावर दिसलं. काखेत हत्यारांची पेटी, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर दोरा गुंडाळत गुंडाळत वर येणारा माणूस.

“हे तुमचं असणार,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“दुसरं टोक तुमच्याच हातात आहे.”

“आणि रीळ?”

“ते पडलं गटारात. दोरा तेवढा वाचवलाय. मी शिवणाचं मशीन दुरुस्त करायला आलोय... पण आता ही बोटं कशी सोडवायची ते बघा. निळी पडायला लागलीत.”

दोन्ही बोटं खरंच जांभळासारखी झाली होती. घाईबाईनं त्याला पायरीवर बसवलं, हात मांडीवर घेतला, आणि वेढा वेढा सोडवत बसली. पाव तास. जिला गरम चहाला फुंकर घालायला सवड नाही, ती! कात्री तिच्या खिशात होती. एकदा कापलं असतं की काम झालं असतं. पण तिनं ती काढली नाही... हे जरा ध्यानात ठेवा.

तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते सांगणाऱ्याला कसं कळलं, असं कुणी विचारायचं नाही. सांगणाऱ्याला सगळं कळतं. त्याच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता आणि तो तिला आवडला. झालं समाधान?

मशीन दहा मिनिटांत दुरुस्त झालं. तो पेटी उचलतोय, तोच मावशी म्हणाली, “अरे मशीनवाल्या, हात लांब आहेत तुझे. चौकटीखाली जा बघू.”

“मावशी, मी स्क्रूवाला माणूस. मला सुई काय कळणार?”

“सुई म्हणजे आटे नसलेला स्क्रू. जा.”

जाड गोधडी एकट्याच्यानं होत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंय. वरच्यानं सुई सरळ खाली घालायची. खाली उताणं पडलेल्यानं ती पकडून, तांदळाएवढं अंतर सोडून, परत वर पाठवायची. खालचं काम करणारी जुनी बाई गुडघे धरून घरी बसली होती. तर मशीनवाला गेला खाली, आणि पहिलीच सुई त्यानं वीतभर लांब वर काढली. ती नेमकी मावशीच्या खुर्चीखालून!

“अहो, गोधडी इकडे आहे!” घाईबाई ओरडली.

“मला इथून काय दिसतंय? कापूस आणि तुमच्या चपला.”

मग तिनंच युक्ती काढली. बोटातलं अंगुस्तान, म्हणजे ती पत्र्याची टोपी, चौकटीवर वाजवायचं. एक टक म्हणजे जवळ. दोन म्हणजे लांब. तीन म्हणजे पुरे, थांब.

रोज दुपारी मशीनवाला दुकान बंद करून यायचा. बाहेर पाऊस भुरभुरायचा, कापूस दमट व्हायचा, सुई जड जायची. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, आणि तोंड दिसत नसलं की माणसं जरा जास्तच बोलतात.

“आज तुम्ही गप्प?”

“सुईत दोरा ओवतेय.”

“ओवताना जीभ बाहेर काढता ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सावली पडते इथे.”

टक! टक! टक!

कुठल्या टाक्याला ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, ते मावशीलाही हात फिरवून सांगता आलं नसतं. पण वर येणारी सुई आता कोमट असायची. खाली क्षणभर कुणाच्या तरी मुठीत राहून आल्यासारखी. घाईबाई ती यायची वाट बघायला लागली. आणि माणूस सुईची वाट बघायला लागला, की त्याला शिवण आलंच म्हणून समजा. तिचे टाके बारीक झाले, सरळ झाले. मावशीनं हात फिरवला. नुसती हसली.

एकदा ऊन पडलं असताना तो खालून म्हणाला, “तू कधी खालून पाहिलंयस?”

“काय पाहायचंय? अस्तर.”

“ये तर.”

ती चौकटीखाली सरकली. वर सगळा उजेड गाळून येत होता... तांबडा, निळा, कुणाच्या जुन्या सदऱ्याचा, कुणाच्या परकराचा. आणि मधे सुईची बारीक बारीक भोकं, त्यातून उन्हाचे ठिपके. एक ठिपका त्याच्या कपाळावर, एक तिच्या मनगटावर. दोघं उताणी, शेजारी शेजारी.

“हे सगळं आपण केलं?” तिनं विचारलं.

“भोकं तू पाडलीस. मी फक्त सुई परत पाठवली.”

वरून मावशीचा आवाज आला, “खाली दोघं, वर कुणी नाही! गोधडी काय आपली आपण शिवून घेतेय?”

त्या दिवसापासून घाईबाई शिवण शिकणारी राहिली नाही. शिवणाची झाली. पण गोधडीही संपत आली होती, आणि महिनाही. आता ती दोन-दोन मिनिटं सुई हातात धरून बसायची. जिनासुद्धा एकेक पायरीनं उतरायची. मशीनवाला मात्र नेमकं बोलायचं तेच बोलेना. शेवटच्या ओळीवर म्हणाला,

“तिकडे टेलिफोनवर काम कसं असतं गं?”

“असंच. एक बोलतो, आणि दुसरा दिसत नाही.”

“टकटक केलं तर चालतं?”

“नाही. बोलावं लागतं.”

“मग मला नाही जमायचं...”

वर तिनं अंगुस्तान वाजवायला उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला सातही पोरं घेऊन गोधडी न्यायला आला. कोपऱ्यात घाईबाईची बॅग भरलेली. संध्याकाळची गाडी. चौकटीच्या खुंट्या काढल्या. एक बाजू मावशीनं धरली, एक बेकरीवाल्यानं, आणि धरून झटकली. एकदाच!

सर्रर्र... केसांतून फणी फिरावी तसा दोरा निघत गेला. ओळीमागून ओळ. महिन्याभराचं शिवण पापणी लवेपर्यंत जमिनीवर! कापूस असा उधळला, की सातही पोरं मैद्याच्या गोण्यांसारखी पांढरी झाली. खिडकीतून गेलेला कापूस पाहून खालच्या रस्त्यावर लोकांनी बर्फ पडतोय म्हणून स्वेटर घातले. कबुतरं तर घरटं सोडून गेली, ती अजून आली नाहीत.

मावशीनं वाकून एक दोरा उचलला. बोटांत फिरवला. टोकाला गाठच नव्हती. दुसरा उचलला, त्यालाही नाही.

“गाठी?” ती म्हणाली.

घाईबाई आपल्या अंगुस्तानाकडे बघत उभी. आणि मशीनवाला पुढे झाला.

“मावशी, गाठी माझ्याकडे होत्या.”

मावशीनं आपल्या अधू डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भाचीकडे. मग परत त्याच्याकडे.

“तुझ्याकडे होत्या?”

“हो.”

“असं म्हणतोस? बरं. मग आता जन्मभर तुझ्याकडेच असू देत.” आणि तिनं खुंट्या परत ठोकायला घेतल्या. “पुन्हा पहिल्यापासून. दोघांनी. काय गं घाईबाई, तुझी गाडी आहे ना संध्याकाळची?”

“गाड्या काय, रोजच असतात,” घाईबाई म्हणाली.

मावशीनं पोरांना तोवर पांघरायला स्वतःकडच्या सात गोधड्या दिल्या. नोकरीच्या पत्राचा कागद चांगला जाड होता. दुसऱ्या दिवशी तो ठिगळं कापायच्या मापाला लागला. दुसऱ्यांदा शिवायला चार महिने गेले, आणि ते संपायच्या आत मशीनवाला चौकटीखालून, टकटक न करता, सरळ तोंडानं बोलला. काय बोलला, ते ह्या वर्गात सांगायचं नाही. पुढे मावशीचा वर्ग त्या दोघांनी चालवायला घेतला. तोच हा.

तर तात्पर्य काय? पोरगी निघून जाऊ नये म्हणून त्या मशीनवाल्यानं महिनाभर, जाणूनबुजून, खालून एकही गाठ मारली नाही! इतकं धाडसी प्रेम आजकाल कुठे बघायला...

“खोटं!”

ही नवीन आलेली नर्सबाई. आठवडाच झालाय तिला वर्गात येऊन. सुई हवेत धरून उभी राहिली होती.

“सर, कबुतरं मी मानली. बर्फही मानला. पण गाठ खालून मारतच नाहीत. काल बाईंनी माझ्याकडून अकरा वेळा करून घेतली. दोऱ्याची दोन्ही टोकं वरच राहतात, आणि दोन्ही गाठी वरचाच मारतो. खालच्याकडे फक्त सुई येते आणि जाते. मग गाठी मशीनवाल्याकडे असतीलच कशा? गाठी तर...”

तिचं वाक्य तिथेच राहिलं. चौकटीभोवतीच्या सगळ्या सुया थांबल्या, आणि सगळी तोंडं वळली त्या टोकाला, जिकडे बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

बाईंनी मान वर केली नाही. पण पांढऱ्या केसांखाली दोन्ही कान लालबुंद झाले होते. गोष्ट सांगणाऱ्या सरांनी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तोच चौकटीच्या त्या टोकाकडून अंगुस्तान वाजलं...

टक. टक. टक.