इथे काही नाही

दिवा राहू दे, अल्कीस. खिडकी तेवढी ओढून घे, उत्तरेचा वार्दारिस वारा सुटलाय. आणि मारिलेना, तू ती वही बाजूला ठेव. हे लिहून घ्यायचं नाही. उद्यापासून तुम्ही दोघं माणसं घेऊन सालोनिकमध्ये फिरणार. युद्धाच्या वर्षांत जर्मनांनी आपल्या ज्यूंचं काय केलं, ते चौकाचौकात थांबून सांगणार. त्याआधी एक गोष्ट कानावर घालतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या हाताखाली शिकलेला माणूस आहे, आणि अजून जिवंत आहे.

पासखालिस त्याचं नाव. दहा वर्षं ही संध्याकाळची फेरी त्याची होती. मी ज्यू, तो ख्रिस्ती, पण खरं सांगतो, माझ्यापेक्षा तो चांगला सांगायचा. मी बोलायला लागलो की चिडतो, आणि मी चिडलो की लोक घड्याळ बघतात. तो सांगायचा तेव्हा बायका रुमाल काढायच्या. बेचाळीसच्या जुलैत स्वातंत्र्य चौकात आपल्या बापांना भर उन्हात कवायत करायला लावली, तिथून तो सुरुवात करायचा आणि थेट जुन्या स्टेशनापर्यंत न्यायचा. रस्ता मीच आखून दिलेला. त्याने त्यातली एकच जागा गाळली.

स्टेशनच्या अलीकडे उजव्या हाताला एक बोळ आहे. कोणी विचारलं, इकडे काय आहे, की पासखालिस न थांबता म्हणायचा, "इथे काही नाही. चला, उशीर होतोय." त्या बोळात त्याचं घर होतं.

फ्लोरेंतीन कुटुंबाचं घर ते. सात माणसं. त्रेचाळीसच्या मार्चमध्ये त्यांना उठवलं, स्टेशनजवळच्या कुंपणात कोंडलं आणि मृत्यूछावणीच्या गाडीत घातलं. घर पासखालिसच्या आजोबांना मिळालं. विकत नाही हं, राखणीला. माणसं परत येईपर्यंत सांभाळायचं. सातातलं एकही आलं नाही. राखणदाराचा मालक व्हायला अशा वेळी काय लागतं? थोडा धीर धरावा लागतो, बस.

पासखालिसची आई दोम्ना पाच वर्षांची असताना त्या घरात आली आणि एक्याऐंशीची झाली तरी तिथेच होती. जन्मभर तिला एकच भीती, कोणीतरी येईल. पोस्टमन आला तरी आधी वरून वाकून बघायची. दाराला दोन कुलपं, वर आडवा अडसर; लेक बाहेर पडला की तो ती वरूनच दोरीने पाडायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. आणि चोरी तर तिने केलीही नव्हती बिचारीने, तिच्या वाटणीला फक्त चांदणं आलं. लेकाला तिने बजावून ठेवलं होतं, "अख्ख्या गावाची दुखणी सांग रे बाबा. पण आपल्या दाराशी कोणाला आणू नकोस. बघायला आलेला माणूस उद्या कागद घेऊन येतो."

मला हे सगळं माहीत होतं. हो, असं बघू नका माझ्याकडे. दोम्नाच्या हातचं खाल्लंय मी, कितीतरी रविवारी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मीही मूग गिळून बसलो होतो. ज्यू असून.

असो. दोन हजार एकोणीस, चौदा मार्च, गुरुवार. दुसऱ्या दिवशी पंधरा मार्च, पहिली गाडी सुटली ती तारीख. पासखालिसने दुपारी आईची औषधं आणली, उपासाचे दिवस म्हणून तिळाचा हलवा आणला, तिला खाऊ घातलं आणि सात वाजता निघाला. व्होलोसहून आलेल्या शिक्षकांचा गट होता. नऊ जण. त्यांच्या म्होरक्या स्तमातिया बाई, तोंडाच्या फटकळ, पण लक्ष देऊन ऐकणाऱ्या. साडेसातला चौकातून चालायला लागले. वारा असा की बोलताना तोंडात धूळ जात होती.

तिसऱ्या थांब्यावर पासखालिसला गटात एक बाई जास्त दिसली. तिशीची असेल. राखाडी कोट, डोक्याला रुमाल. त्याला वाटलं, गटातलीच कोणी मागून येऊन मिळाली. गटाला वाटलं, ही गाईडच्या माणसांतली. दोन्हीकडून असा समज झाला, की माणूस निर्धास्त मध्ये चालू शकतो. ती काही विचारत नव्हती. फक्त पासखालिस एखाद्या घराबद्दल सांगायला लागला की मान हलवायची. मास्तर पोराचा धडा तपासतो तशी.

पावणेनऊला ते बोळाच्या तोंडाशी आले. पासखालिस पुढे निघाला.

"इकडे काय आहे?" मागून आवाज आला.

"इथे काही नाही, बाई. चला, उशीर होतोय."

ती थांबली होती. बोळाकडे तोंड करून. मग चालायला लागली. आत.

आता गाईडचा एक नियम तुम्हाला शिकवलाय मी. जितकी माणसं घेऊन निघालात, तितकी शेवटपर्यंत न्यायची. मागे कोणाला सोडायचं नाही. ह्या फेरीत तर नाहीच नाही. पासखालिसने हाक मारली. ती वळली नाही. स्तमातिया बाई म्हणाल्या, "अहो, चला की! पाच मिनिटं इकडे गेली तर तुमचं स्टेशन काय पळून जाणार आहे?" आणि सगळा गट तिच्यामागे. झक मारत पासखालिसही.

ती पहिल्या दाराशी थांबली आणि बोलायला लागली. बोलणं ग्रीकच, पण हेल आपल्या घरातला. घरी आपली जुनी स्पॅनिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचा. पासखालिस मला म्हणाला, "पेपो काका, असं ग्रीक मी फक्त तुमच्या आईच्या तोंडून ऐकलं होतं."

"इथे अव्राम चांभार," ती म्हणाली. "ह्याच्या घोरण्याने सगळा बोळ जागा. बायको म्हणायची, मेल्या, तू झोपतोस आणि प्रार्थनेला उठतो शेजार."

शिक्षक हसले.

"इथे दोन बहिणी. एकमेकींशी नऊ वर्षं अबोला. कुंपणात एका पांघरुणात झोपल्या, तरी अबोलाच."

कोणी हसलं नाही.

"इथे मास्तर. पोरांना गणित शिकवायचे. गाडीत किती माणसं मावतील, ते त्यांनी मोजून सांगितलं होतं. जर्मनांनी त्याच्या दुप्पट घातली."

एक एक दार. एक एक नाव. वाऱ्याने शिक्षकांचे मफलर उडत होते, एकाची टोपी गेली. तिच्या रुमालाचं टोक हलत नव्हतं. पासखालिसने ते पाहिलं. मग त्याने तिकडे बघणंच सोडलं.

शेवटचं घर आलं.

वर खिडकीत दिवा होता. दोम्ना जागी होती.

ती बाई दारासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा पासखालिसकडे वळली. "हे तुम्ही सांगा," म्हणाली. अगदी अदबीने. "गाईड तुम्ही आहात."

नऊ माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. ह्या माणसाला सगळं येत होतं, पोरांनो. सातही नावं. कोण कुठल्या खोलीत झोपायचं तेसुद्धा, मीच सांगितलं होतं त्याला. बोलायला चार वाक्यं लागली असती. पण वर आई होती. उद्या कोणी लिहिलं, कोणी विचारलं, कोणी कागद घेऊन आलं, तर एक्याऐंशी वर्षांच्या बाईला कुठे नेऊन ठेवायचं?

"इथे..." तो म्हणाला. "इथे काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"कोणी राहत नव्हतं?"

त्याने वर खिडकीतल्या दिव्याकडे पाहिलं.

"सांगा ना."

"कोणी नाही."

तिने मान हलवली. रागावली नाही. तिचा चेहरा फक्त थकल्यासारखा झाला, असं तो सांगतो. हे सांगताना तो अजून रडतो.

"मग कोणाला विचारायलाही नको," ती म्हणाली.

आणि दार ढकललं.

दोन कुलपं. अडसर.

दार उघडलं.

आवाज झाला नाही. ती आत गेली. जिन्यावर पावलं वाजली. सहा... सात... मग नाही.

शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

हो, टाळ्या. त्यांना वाटलं, शेवटी नाटकातली कोणी बाई आणून उभी केली आहे. स्तमातिया बाई डोळे पुसत म्हणाल्या, "कमाल केलीत हो! हे सगळ्यांत चांगलं झालं." पुढे त्यांनी लिहूनही कळवलं, गाईड बरा, पण ती बाई अप्रतिम.

पासखालिस वर धावला. कुलपं दाराला जागच्या जागी होती. अडसर भिंतीला टेकवून उभा. जिन्यात काळोख. त्याने आईला हाक मारली. उत्तर नाही. परत मारली.

नाही.

दोम्ना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर. अंगावर पलंगावरची रजई, गळ्यापर्यंत नीट खोचलेली. दीड वर्षात ती आधाराशिवाय पलंगावरून उठली नव्हती.

"आई... कोण आलं होतं?"

"ओरडू नकोस."

"कुठे गेली ती?"

"सगळ्या खोल्या बघितल्या तिने," दोम्ना म्हणाली. "हळू चालत होती. लेकरं झोपली असावीत, तशी. मग मला म्हणाली, वारा आहे, गार पडशील. इथे आणून बसवलं."

"तू काय म्हणालीस?"

दोम्नाने रजईची कड मुठीत धरली.

"मी म्हटलं, बुएना मावशी, घर तुमचंच आहे. आम्ही नुसतं सांभाळलं."

शहात्तर वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. पासखालिसला बुएना फ्लोरेंतीन हे नाव माझ्याकडून माहीत होतं. आईने ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. पाच वर्षांची पोर, आणि ते नाव तिने जन्मभर गिळून ठेवलं होतं.

"मग? ती काय म्हणाली?"

"रागावली नाही रे. मला वाटलं होतं, रागावेल." आणि दोम्ना एखाद्या लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. "म्हणाली, मी पुढे आले. बाकीची मागून येतायत, चालत. लांबून यायचंय. दार लावू नकोस."

पासखालिसने घर धुंडाळलं. पलंगाखाली, गच्चीवर, माळ्यावर. कोणी नाही. खाली शिक्षक अजून वाट बघत उभे होते, ती बाई बाहेर आलेली त्यांनीही पाहिली नाही. त्याने त्यांना कसंबसं स्टेशनपर्यंत नेलं आणि रात्री दहाला मला फोन केला. मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात जेवायला म्हणून गेलो नव्हतो. दोम्ना तोवर झोपली होती. आम्ही दोघांनी मिळून दार लावलं. दोन्ही कुलपं मी माझ्या हाताने फिरवली, अडसर टाकला, आणि रात्रभर तिथेच जिन्यावर बसलो. पहाटे डोळा लागला असेल. दहा मिनिटं, फार तर.

जाग आली तेव्हा अडसर भिंतीला टेकवलेला होता. दार दोन बोटं उघडं.

दोम्ना त्याच उन्हाळ्यात गेली. शांतपणे गेली, हे मला सांगायला आवडलं असतं. पासखालिसने फेरी सोडली. मी म्हटलं, सोडू नकोस, आता तरी त्या बोळात थांब आणि सांग. तो म्हणाला, "काका, तिने मला तीनदा विचारलं होतं." मला तर कोणी एकदाही विचारलं नव्हतं, तरी मी गप्प होतो.

त्याने पोलादी दार बसवलं. मग कुलूपवाल्याला तीन वेळा बोलावलं. तिसऱ्या वेळी त्याने पैसे घेतले नाहीत, पण परत बोलावू नका म्हणाला. रात्री बंद, सकाळी उघडं. पाच वर्षं झाली. घरातली काडी गेलेली नाही.

सातांची नावं मी कागदावर लिहून ठेवली आहेत, जाताना न्या. पाठ करा. उद्या त्या बोळात वळा, शेवटच्या घरापर्यंत जा आणि सगळी नावं मोठ्याने सांगा. दार उघडं दिसेल. गटातलं कोणीतरी भला माणूस म्हणून ते ओढून घ्यायला जाईल, हटकून जातं. त्याला लावू देऊ नका.