सोफावाल्याची दाढ

तो दारात आला तेव्हा मी जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि माझ्या कोपराला हातभर लेदर चिकटलं होतं.

“डॉक्टर आहेत?” डावा गाल धरून त्याने विचारलं.

“मीच.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, कोपराकडे पाहिलं, मग मागच्या खुर्चीकडे. गालावरचा हात खाली आला. “हे... कोणी लावलं?”

“मीच,” मी पुन्हा म्हटलं. जरा हळू.

माझा दातांचा दवाखाना सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पेशंटची खुर्ची मी जुनी घेतली होती. यंत्र ठणठणीत, पण सीट दोन जागी फाटून आतला फोम डोकावत होता. दादाचं म्हणणं, “अशा खुर्चीत कोण झोपणार? वर्षभर कुणाकडे नोकरी कर.” आदल्याच दिवशी एक काकू आल्या, खुर्ची बघून “ह्यांना विचारून येते” म्हणाल्या, त्या गेल्या त्या गेल्याच. मग मी मागून चिकटणाऱ्या लेदरचा रोल आणला. कागद सोलायचा आणि लावायचं, एवढंच दुकानदाराने सांगितलं होतं. मी सगळा कागद एकदम सोलला.

“माझं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे, मागच्या गल्लीत,” तो म्हणाला. “आधी तुम्हाला सोडवू.”

त्याने ते लेदर बोट-बोट सरकत असं सोडवलं, की मला कळलंही नाही. इतका हलका हात आमच्या कॉलेजात दोघा-तिघांचाच होता.

“तुमची दाढ बघू?”

“तिला घाई नाही.”

मग त्याने मला कामाला लावलं. सीट स्पिरिटने पुसायची. फाटलेल्या जागी खालून कापड सरकवून सपाट करायचं. लेदरचे कोपरे गोल कापायचे, म्हणजे ते उचकटत नाहीत. कागद चार बोटंच सोलायचा, मधून कडेकडे दाबत जायचं, वळणावर हेअर ड्रायरने ऊब द्यायची. गरम लेदरचा वास खोलीभर पसरला. आमची डोकी दोनदा आपटली... दोन्ही वेळा “सॉरी” मीच म्हटलं, आणि हसला तो.

“खरं सांगू? याला नवं कव्हरच शिवायला हवं,” तो म्हणाला. “पण हेही दोन वर्षं काढेल.”

“स्वतःच्याच पोटावर पाय देताय.”

“आज दुकान बंद आहे. पोटालाही सुट्टी.” त्याने सीटवर तळवा फिरवला. “इथे फुगा राहिलाय. टाचणी आहे?”

मी इंजेक्शनची सुई पुढे केली. त्याचा चेहरा उतरला. “तुम्हीच टोचा.”

“दिवसभर दाभण चालवता आणि सुईला घाबरता?”

“दाभण सोफ्याला टोचतो, डॉक्टर.”

त्या दिवशी तो दाढ न दाखवताच गेला.

चार दिवसांनी आला, म्हणाला बाहेरच्या बाकाची कड गेलीय. पुढच्या आठवड्यात माझं स्टूल. मग खुर्चीचा हात. मी दाढेचं विचारलं की म्हणायचा, “आज बरी आहे.” खुर्चीत आता पेशंट निवांत झोपत होते, त्या काकूही त्यांच्या “ह्यांना” घेऊन आल्या. आणि मी मात्र दाराशी चपला वाजल्या की मान वर करायला लागले होते.

एका संध्याकाळी तो सगळीकडे नजर फिरवत उभा राहिला. मी म्हटलं, “आता फाटकं काही उरलं नाही.”

“हो ना,” तो म्हणाला. फार पडलेल्या आवाजात. मग उजेडात वळला, आणि मला त्याचा गाल दिसला. टम्म सुजलेला.

“बसा.” माझाच आवाज मला अनोळखी वाटला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. “महिनाभर बाकं चिकटवत होतात आणि हे तोंडात घेऊन फिरत होतात? एवढी भीती?”

“भीती होतीच...” तो छताकडे बघत राहिला. “पण दाढ बरी झाली असती, तर यायला निमित्त काय उरलं असतं?”

डॉक्टरने काहीतरी करायला हवं, म्हणून मी गोळ्या लिहून दिल्या. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.

सूज उतरल्यावर त्याला पुन्हा खुर्चीत घेतलं. सुई दिसताच त्याने डोळे मिटले आणि चाचपडत माझ्या एप्रनची कड धरली. मी ती सोडवली नाही. जीभ बधिर झाल्यावर तो काहीतरी बोलला. “आअं... उई... आअअआ...”

“आता बोलू नका.”

काम संपलं. तो बाहेर बाकावर बसून राहिला. दोन पेशंट झाले, तिसरा झाला. शेवटी गाल चाचपत तो आत आला.

“जीभ परत आली,” तो म्हणाला. “मघाशी म्हणालो, तुम्ही मला आवडता. फार.”

“मला मघाशीच कळलं होतं.”

“मग बोलला नाहीत?”

“नीट ऐकायचं होतं.”

तो हसला. एकाच बाजूने, कारण दुसरी अजून झोपलेली होती. “आता पुन्हा कधी येऊ? म्हणजे... दाढेसाठी?”

“दाढेसाठी पुढच्या मंगळवारी,” मी म्हटलं. हातमोजे काढायला मला उगाच वेळ लागत होता. “आणि उद्या संध्याकाळी ये. काही काम नसताना.”

“ये?” त्याने हळूच विचारलं.

“ये,” मी म्हटलं.