मारबतीला दिलेले नाव

ही घटना घडलेली आहे. ती ऐकून ज्यांना वैद्यकशास्त्र आठवेल, त्यांनी ते अवश्य आठवावे. निशांतनेही पुष्कळ आठवून पाहिले.

निशांत माझा मावसभाऊ. वेळ गेल्या वर्षीची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. स्थळ, आर्वी तालुक्यात रोहण्याजवळचे एक खेडे. त्याचे नाव मी देणार नाही. तिथे माणसे अजून राहतात.

पोळ्याला त्या गावी प्रत्येक दाराशी पळसाची फांदी खोचतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आजाऱ्याच्या अंथरुणावरून फिरवायची, ओरडत गावाबाहेर न्यायची आणि शिवेपलीकडे टाकायची. मारबत म्हणजे गावाची इडापिडा वाहून नेणारी; तिने आपल्या घरातून काय न्यावे, ते ज्याचे त्याने सांगायचे.

टाकलेली फांदी कोणी परत उचलत नाही.

आणि जित्या माणसाचे नाव कोणी घेत नाही.

निशांतची आई, यशोदाबाई, तीन वर्षे लकव्याने खाटेवर होती. वाचा गेलेली. एक हात तेवढा चाले. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेचे घर बंद करून निशांत, त्याची पत्नी वेदश्री आणि लहानगी इला तिच्यासाठी गावात येऊन राहिले होते. काही हवे असले की ती हातातला पेला खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटे.

टक… टक… टक…

डोळा लागताना. घास तोंडाशी नेताना. वेदश्रीशी दोन शब्द बोलताना.

त्या पहाटे निशांतने खाटेवरून फांदी फिरवली, तेव्हा तिने चालत्या हाताने त्याचा सदरा धरला. त्याने तिची बोटे एकेक करून सोडवली.

‘‘खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!’’

‘‘लोडशेडिंग घेऊन जा गे मारबत!’’

वाटेत हशा पिकत होता. शेजारचे पुंडलिकराव वळून म्हणाले, ‘‘अरे, तू मुका काऊन चालून राह्यला? मायचा लकवा धाड ना!’’

शीव आली. निशांतने फांदी उगारली.

‘‘यशोदाबाईले घेऊन जा गे मारबत!’’

जीभ घसरली नव्हती. नाव त्याने पूर्ण आणि स्वच्छ घेतले होते.

हशा थांबला.

‘‘काय बोलला बे तू?’’

‘‘गंमत केली, काका.’’

‘‘मायची?’’ एवढेच विचारून पुंडलिकराव पुढे निघून गेले.

निशांत घरी आला, तर यशोदाबाई दारात… उभी होती.

स्वतःच्या पायांवर. वेदश्री आनंदाने रडत होती.

‘‘बरी झाली मी,’’ यशोदाबाई म्हणाली. शब्द स्पष्ट होते. मग ती आत वळली आणि एकेक डबा उघडून पाहू लागली. परक्याचे घर पाहावे, तसे.

इलाने बापाचा हात ओढला.

‘‘बाबा… आजीला माझं नाव येत नाही.’’

दुपारी सगळा गाव तान्ह्या पोळ्याला जमला होता. पोरे सजवलेले लाकडी बैल ओढत होती. निशांत घरात एकटाच बसला होता. खाट रिकामी. पेला फळीवर पालथा.

टक… टक… टक…

आवाज घरातला नव्हता.

शिवेच्या बाजूने येत होता.

तो धावत गेला. उन्हात फांद्यांचा ढीग पडला होता. वारा नव्हता. तरी एका फांदीची पाने हलत होती…

‘‘निशांत… आला काय, लेका?’’

तीन वर्षे न ऐकलेला आईचा आवाज.

‘‘मले उचल. घरी ने. इथं लई खोकलतात हे सारे.’’

त्याने फांदी उचलली. मनगटाएवढीच ती, पण दोन्ही हातांनी पेलवेना. माणसाएवढे वजन. त्याच क्षणी ढिगातल्या दुसऱ्या फांद्याही सरकू लागल्या. कोणी खोकले. कोणी थंडीने कुडकुडले. सगळ्यांना त्याच्यामागून गावात यायचे होते.

इथे कोणी म्हणेल, मग त्याने काय करायचे होते? गावात लेकरे होती. त्याची इला होती. टाकलेले परत आणायचे नाही, हा नियम होता.

युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु त्या क्षणी निशांतच्या मनात ना गाव होते, ना इला, ना नियम. हे त्यानेच मला सांगितले आहे. त्याला आठवला तो पेला. आठवले तिचे ओले अंथरूण. आणि आठवले, की घरी एक आई आहे, जिला उचलावे लागत नाही.

त्याने फांदी हळूच खाली ठेवली.

‘‘जड झाली काय रे मी?’’

तो गावाकडे चालू लागला. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

आठवड्याच्या आत सारे सिंदी मेघेला परतले. यशोदाबाई तिथे धडधाकट आहे. स्वयंपाक करते, बाजारात जाते. आईची केवढी सेवा केली या मुलाने, असे शेजारी म्हणतात. इला तिच्यासमोर तोंड उघडत नाही.

गेल्या महिन्यात निशांत जेवायला बसला असताना पुंडलिकरावांचा फोन आला.

‘‘बाबू, तुही माय शिवेवरच हाय. पन आता ‘मले ने’ म्हनत नाई.’’

‘‘मग… काय म्हणते?’’

‘‘येनाऱ्या-जानाऱ्याले इचारते, माहा निशांत जेवला काय म्हनून. आमी म्हनतो, हो माय, जेवला. तवा चुप होते बिचारी.’’

निशांतने हातातला घास ताटात ठेवला.

‘‘जेवतं ना रे तू? खोटं त नाई ना सांगून राह्यलो आमी तिले?’’

त्याच्या पुढ्यातले ताट भरलेले होते. वाढणारी यशोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून… ऐकत होती.